शलाकाची पट्टी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, इंदूरला दिलेल्या मुलीजवळ नाही. देवापुढे बसले तरी हा विषय टाळते — आधी नवऱ्याच्या गुडघ्यांचं सांगते, मग नातवाच्या दम्याचं, आणि मग उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचा माझा संबंध नाही. आणि असलाच — ग्वाल्हेरात मराठी घरं उरली किती, दोन प्रश्नांत तुम्ही मला शोधून काढाल — तरी असू दे.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या उन्हाळ्यात तो बघितला नाही असा माणूस मला भेटलेला नाही. पिवळ्या साडीतली सोळा वर्षांची मुलगी, डोळे मिटलेले, एक हात वर उचललेला, आणि ‘धूप’ — म्हणजे ऊन — म्हणताना तिचा आवाज मधोमध फाटतो. लोकांनी त्या फाटलेल्या आवाजाला कुकरची शिट्टी जोडली, टेंपोचा हॉर्न जोडला, उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटवर बसून उडणारा माणूस जोडला. धूपवाली लड़की. तुम्हीही कुणाला तरी पाठवला असेल. हसला असाल. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही — मी कोण म्हणणारी?

तो व्हिडिओ मी टाकला होता.

बघा, लिहून झालं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. का गेलं नाही, तेही मला ठाऊक आहे. मी जे केलं त्यातलं हे सगळ्यात लहान काम. मोठं अजून पुढे आहे, आणि मी त्याच्या भोवती फिरते आहे.

मुलीचं नाव शलाका. दर्पण कॉलनीत आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे गाणं शिकायला येत होती. मी घरी क्लास घेते — म्हणजे पेटी वाजवते, पलटे घोटून घेते, मुलांना परीक्षांना बसवते. स्वतः गाऊन दाखवत नाही. आईबाप विचारतात तेव्हा सांगते, घशाचा त्रास आहे. घशाचा त्रास मला कधीच नव्हता.

शलाकासारखा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं आपला सा कुठे धरायचा ती जागा. बहुतेकांना ती दरवेळी पेटीवर दाखवावी लागते. शलाकाला एकदा दाखवली की पुरे. दुसऱ्या दिवशी येताना जिन्यातच गुणगुणत यायची, आणि मी आतून पेटीचा सूर दाबला की दोन्ही एकच. केसाइतका फरक नाही. हे शिकवून येत नाही. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी गुरू होते तिची.

पण ती अण्णांची नात होती.

अण्णा म्हणजे तिचे आजोबा. शाळेतून हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, गावातल्या मराठी लोकांच्या गाण्याच्या मंडळाच्या प्रत्येक बैठकीत पहिल्या रांगेत डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणारे. स्वतः गात नसत. पण कुणाचं गाणं बरं आणि कुणाचं वाईट हे शेवटी त्यांच्या तोंडाकडे बघून ठरायचं. पेटीकडे न बघता पट्टी ओळखायचे. गवई सुद्धा चहाच्या वेळी येऊन विचारायचे, “अण्णा, कसं झालं?” अण्णा कधी मान हलवायचे, कधी नुसता चहा प्यायचे. चहा प्यायले की समजायचं.

आम्ही बिर्लानगरचे. वडील मिलमध्ये लूमवर होते. आमचे लोक दक्षिणेतून फौजेबरोबर आले, अण्णांचे दरबाराच्या कचेरीत. फौज गेली, दरबार गेला, पण मंडळात खुर्चीत कोण बसणार आणि सतरंज्या कोण घालणार हे गेलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना बाहेरगावचे एक मोठे गवई वर्षभरासाठी शिकवायला येणार होते. मंडळातून दोन मुलं निवडायची होती, आणि निवडणारे अण्णा. मी तीन महिने तयारी केली. पहाटे शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तोंडापुढे उशी धरून गात असे.

गाऊन झालं. अण्णा म्हणाले, “गळा मोठा आहे हिचा. पण त्यात बिर्लानगरचा भोंगा वाजतो. मला तर शिफ्ट सुटल्यासारखं वाटलं.”

चाळीस माणसं हसली. दारात माझे वडील उभे होते, ड्यूटीवरून तसेच आलेले, कपड्यांवर कापसाचे तंतू. तेही हसले. सगळे हसताहेत म्हणून हसले बिचारे — आणि मग माझ्याकडे बघून थांबले. अण्णांनी पुढे सल्ला दिला, अगदी प्रेमानं, “तू पेटी शीक. बोटांना उच्चार नसतात.”

त्यानंतर गल्लीतली पोरं मला भोंगा म्हणायची. मिल बंद पडली, खरा भोंगा थांबला, माझं नाव राहिलं. मी पेटी शिकले. पस्तीस वर्षं ग्वाल्हेरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या मागे बसून वाजवली. चारचौघांत पुन्हा तोंड उघडलं नाही.

हे मी तुमची दया यावी म्हणून सांगत नाही. राग किती जुना होता ते कळावं म्हणून सांगते. आणि त्यात तिचा काहीच संबंध नव्हता, हेही कळावं म्हणून.

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जानेवारीत, दुपारी असतो. त्या वर्षी शलाकानं हट्ट धरला, मी माझं गाणं गाणार. तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं. तिची जिवलग मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेली होती, तिच्यावर. अर्धं हिंदी, अर्धं मराठी — हल्लीची मुलं बोलतात तसं. ‘छत पे रह गई धूप, मी उतरले खाली’. पहिल्यांदा माझ्यापुढे गायली तेव्हा मी पेटीचा भाता हलवायला विसरले. धूप या शब्दावर ती तारसप्तकात पंचमापर्यंत जायची आणि तिथे क्षणभर थांबायची, अगदी अलगद. तिच्या गळ्याची ती शेवटची पायरी होती. त्याच्या वर जागा नव्हती. हे मला जितकं माहीत होतं तितकं तिलाही नव्हतं.

महिनाभर आम्ही ते काळी तीन पट्टीत, म्हणजे पेटीतला तिसरा काळा सूर सा धरून, बसवलं. तबला नको म्हणाली, नुसता तानपुरा आणि पेटी. तानपुरा माझा, विजेचा. तो लावणारी मी, पेटी वाजवणारी मी. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही हा माझ्या क्लासचा नियम, कारण मुलं मग घरी रियाज करत नाहीत. तेव्हा तालमीचा पुरावा कुठेच नव्हता. हे मी तेव्हा असं मोजून-मापून ठरवलं होतं का? ... नाही म्हणवत नाही मला.

कार्यक्रमाच्या आधी चहा होता. अण्णा खुर्चीत बसून कुणाला तरी सांगत होते, “आमच्या घराण्यात गाणारं कुणी झालं नाही, आता ही होईल. बसवून घेतलंय वसुधानं. वसुधाची पेटी चांगली, फक्त मागे राहते. मागे राहणाऱ्याचा हात पक्का लागतो.” हे कौतुक होतं. मी त्यांच्या मागे कप घेऊन उभी होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

तो कप मी नेऊन ठेवला. स्टेजवर गेले. तानपुरा पांढरी सहाला लावला.

आता आलं ना समोर? पेटीवर काळी तीनपासून पांढरी सहा म्हणजे तीन सूर वर. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. गाणाऱ्याला खालचे सूर लागतात, मधले लागतात, उलट बरेच वाटतात. आणि मग वरची जागा येते, आणि तिथे पोचायला गळाच उरत नाही.

पहिला सा दिला तेव्हा तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. त्याच क्षणी. मी मान हलवली — हो, बरोबर आहे, सुरू कर. ती मला मावशी म्हणायची. सात वर्षं हीच मान बघून ती गात आली होती. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

बाकी तुम्ही पाहिलंच आहे.

आत कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिनं विचारलं, “मावशी, स्केल वही थी ना?”

“तीच,” मी म्हणाले. “नेहमीचीच.”

“मला वरती वाटली. पहले सा से ही.”

“भीतीनं तसं वाटतं. थंडीही आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझा संशय आला असता तर बरं झालं असतं, असं आज मी म्हणू शकते. तेव्हा मला तिचा चेहरा वाचायची हौस होती. आणि मी वाचला. ती माझ्यावर संशय घेत नव्हती. ती स्वतःच्या कानांना खोटं पाडत होती. मी डोळ्यांनी बघितलं ते. “सॉरी मावशी,” ती म्हणाली, “तुमचं नाव खराब केलं मी.”

तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोलले.

स्टेजसमोर माझाच फोन स्टँडवर लावलेला होता. स्वतःची पेटी घरी जाऊन ऐकायची माझी सवय. दुसऱ्या दिवशी नवरा डॉक्टरकडे गेला होता, अंगणात छान ऊन होतं, मी मटार सोलायला बसले होते. मटार बाजूला ठेवले आणि व्हिडिओ उघडला. कोपऱ्यात माझा उजवा हात दिसत होता, पट्ट्यांवर. तो मी कापला. नवं खातं उघडलं. हिंदीत लिहिलं, मराठीत लिहून पोचतं किती लोकांपर्यंत — “ग्वालियर की नई कोयल। कान सँभालकर सुनिए।” आणि उरलेले मटार सोलले. त्या दिवशी मटारभात केला होता. दोनदा वाढून घेतला मी.

पश्चात्ताप? तुम्ही वाट बघत असाल. मीही बघितली काही दिवस. आला नाही.

सुरुवातीला शे-दोनशे लोकांनी पाहिला. मंडळातल्याच कुणीतरी एकमेकांना पाठवला, ‘अरेरे’ लिहून. मी तीन वेगवेगळ्या नावांनी खाली लिहीत असे. “चुप रहना भी एक कला है।” “घर में कोई बड़ा-बूढ़ा नहीं है क्या, जो बता देता?” हे दुसरं अण्णांसाठी होतं. ते कुणीतरी त्यांना वाचून दाखवावं अशी माझी इच्छा होती, आणि दाखवलंही. शलाकाच्या आईनंच मला सांगितलं, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच हातचं सरबत पिऊन. मी म्हणाले, “कसली माणसं असतात गं.”

मग एप्रिल आला. ग्वाल्हेरचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. लू — भाजून काढणारा वारा — सुरू झाली, आणि कुठल्यातरी शहरातल्या कुणीतरी तो एका शब्दाचा तुकडा उचलला, धूप, आणि वितळलेल्या डांबरात रुतलेल्या चपलेवर लावला. आठ दिवसांत तो सगळीकडे होता. सिटी सेंटरच्या बँकेत मी रांगेत उभी असताना पुढच्या माणसाच्या फोनमधून शलाकाचा आवाज फाटला आणि रांगेतली सगळी हसली. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, चाळीस माणसं हसली होती तेव्हा. आता बघा किती.

तिचं शाळेत जाणं बंद झालं. पोरी बाकावर पुस्तकं आपटून एका सुरात ओरडायच्या. ती क्लासलाही येईनाशी झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला अण्णांनी मला घरी बोलावलं.

दुपारची वेळ. खोलीत कूलर चालू, वाळ्याचा ओला वास. अण्णा जुनी पेटी पुढे घेऊन बसले होते. इतक्या महिन्यांत ते बारीक झाले होते. बस म्हणाले, आणि सरळ विषयाला हात घातला.

“वसुधा, त्या दिवशी तू पांढरी सहा धरली होतीस.”

“हो.”

“आणि तालमीला?”

“पांढरी सहाच.”

“ही घरात काळी तीनला गुणगुणायची. महिनाभर ऐकलंय मी. मला वाटलं दोघींनी मिळून बदलली असेल, म्हणून बोललो नाही. पण आता हिला विचारलं तर म्हणते, बदललीच नाही.”

“अण्णा, घरात स्वयंपाक करता करता मुलगी कुठे गुणगुणते त्यावर पट्टी ठरते का?”

शलाका आतल्या दारात येऊन उभी होती. अण्णांनी तिला विचारलं, “तू सांग. तुझ्या कानाला काय लागलं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. व्हिडिओतली पट्टी कुणीही पेटी काढून ओळखली असती. तालमीतली फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. एक शब्द ती बोलली असती तर मी तिथेच उघडी पडले असते. ती म्हणाली, “मावशी कह रही हैं तो वही होगी, आजोबा. माझं काही खरं नाही. मला सूर समजतच नाही.”

अण्णांनी काळी तीन दाबली. भाता थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग पांढरी सहा दाबली. मग पेटीचं झाकण लावलं.

“मग माझे कान गेले,” ते म्हणाले.

पस्तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते हेच होतं. ते वाक्य मी आतल्या आत घोळवलं. खोटं कशाला सांगू — असं सुख मला लग्नात झालं नाही, मुलगी झाली तेव्हा झालं नाही. आता फक्त त्यांना कळायला हवं होतं, की हे का. शलाका आत गेली तशी मी विचारलं, “अण्णा, आठवतं का, ते गवई आले होते, तुम्ही मुलं निवडली होती? मीही गायले होते तेव्हा.”

अण्णांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, “तू गायचीस? मला वाटलं तू पहिल्यापासून पेटीच वाजवतेस.”

त्यांना आठवतच नव्हतं. एक दुपार, एक विनोद, संपलं. माझं सगळं आयुष्य ज्या वाक्यावर अडून बसलं ते त्यांच्या हिशेबी नव्हतंच. तुम्ही म्हणाल, मग तरी राग उतरला असेल, म्हाताऱ्या माणसाला काय धरायचं. नाही. तोवर मला राग होता. त्या दिवसापासून मला त्यांचं नीट वाईट व्हायला हवं होतं.

आणि झालं. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, वयाच्या मानानं ऐकू उत्तम येतं. अण्णांनी ते मानलं नाही. मंडळात यायचे, पण पहिली रांग सोडून दाराजवळ बसायचे. चहाच्या वेळी कुणी विचारलं, कसं झालं, तर हात जोडून म्हणायचे, “मला विचारू नका.” मी पेटीमागून बघत असे. प्रत्येक वेळी.

शलाकाचं मात्र भलतंच झालं. जूनमध्ये एक दिवस ती भर दुपारी गच्चीवर गेली, तीच पिवळी साडी नेसली, आणि फोनसमोर उभी राहून मुद्दाम, जितकं फाडता येईल तितकं फाडून ओरडली, धूप. आणि खदाखदा हसली. लोक वेडे झाले. जे शिव्या घालत होते तेच म्हणाले, लड़की में दम है. मग ती रोज काहीतरी बेसूर गायची. लोकांच्या फर्माइशी यायच्या, हे बिघडवून दाखव, ते बिघडवून दाखव. एका कूलरवाल्यानं जाहिरातीत घेतलं. विनोदाच्या कार्यक्रमांतून बोलावणी आली. दोन वर्षांत ती इतकी मोठी झाली की रस्त्यात पोरी तिच्याबरोबर फोटो काढतात. त्यांनी दर्पण कॉलनी सोडली, सिटी सेंटरकडे मोठा फ्लॅट घेतला.

तेव्हा सगळे म्हणतात, झालं ते बऱ्यासाठीच. मुलाखतीत ती स्वतः म्हणते, “ज्यानं कुणी तो व्हिडिओ टाकला त्याला थँक्यू.” आणि मग माझं नाव घेते, “माझ्या गुरू वसुधामावशी, त्यांनी सात साल मेहनत केली, पण मला सूरच नाही तर त्या काय करणार.” लोक हसतात. मीही पाहिल्या आहेत त्या मुलाखती. सगळ्या पाहिल्या आहेत. बेसूर गाणं सोपं नसतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. नेमकं अर्धा सूर बाजूला, दरवेळी तितकंच, आणि परत जागेवर — ज्याला सूर कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं त्यालाच ते जमतं. तिला ते ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नाही. ते फक्त मला ठाऊक आहे.

अण्णा गेल्या दिवाळीनंतर गेले. झोपेत. मी भेटायला गेले, रीतीप्रमाणे. त्यांच्या खोलीत पेटी तशीच होती, झाकण लावलेली. शलाकाच्या आईनं सांगितलं, त्या दिवसापासून त्यांनी ती उघडलीच नाही.

इथे संपवता आलं असतं. पण शेवटचं राहिलं आहे, आणि त्याच्याचसाठी मी बसले.

या फेब्रुवारीत शलाका माझ्याकडे आली. एकटी, तोंडाला रुमाल बांधून, कुणी ओळखू नये म्हणून. अठरा पूर्ण झाली आता. पूर्वी बसायची तिथेच, सतरंजीवर बसली. म्हणाली, “मावशी, एक गाणं केलंय. आजोबांवर. मजाकवालं नाही, खरंखुरं. लोकांसमोर टाकावं असं वाटतं, पण मला विश्वास नाही आहे. मशीनवर तपासलं तर ठीक दाखवतं, मशीनला काय कळतं? तुम्ही सांगा. सुरात आहे का?”

मी म्हणाले, गा.

ती गायली. दोन कडवी. कुठे हरकत-मुरकी नाही, सजावट नाही. आजोबा पेटीचं झाकण लावतात, एवढंच त्यात होतं. आवाज आता भरला होता, वरची जागाही वाढली होती. मी पस्तीस वर्षं मोठमोठ्यांच्या मागे बसले आहे. इतका खरा गांधार मी फार थोड्यांचा ऐकला आहे. माझ्या अंगावर काटा आला. पदराखाली हात घेतला मी, तिला दिसू नये म्हणून.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. अण्णा नव्हते. ज्यांच्यावर सूड उगवायचा ते जाऊन तीन महिने झाले होते. उरलं कोण होतं? एक पोर, जिनं माझं कधी काही बिघडवलं नव्हतं, आणि मी.

“गांधार खाली लागतोय,” मी म्हणाले. “वर जाताना ताणही येतो. हे टाकलंस तर लोक पुन्हा तसलेच हसतील.”

“मुझे लगा ही था,” ती म्हणाली. मग फोन काढून ते रेकॉर्डिंग माझ्यासमोरच पुसून टाकलं. वाकून नमस्कार केला. “बरं झालं तुम्हाला विचारलं, मावशी. बाकी कोई सच नहीं बोलता.” खाली गाडी थांबली होती. तिला संध्याकाळी कुठेतरी बेसूर गायचं होतं.

मी तिला परत बोलावलं नाही. फोन केला नाही. आज चार महिने झाले, अजून केलेला नाही. गांधार खाली नव्हता. तो जिथे असायला हवा तिथेच होता, आणि मी ते ऐकलं होतं.